नाताळचं दान आणि देहधारण (देव येशूच्या रूपात माणूस झाला ते), नेमका संबंध काय?

मोगरा_वसई:
आमच्या पॅरिशमधे, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामात, आगमनकाळ (नाताळाआधीचे तयारीचे आठवडे) लागला की तांदूळ, तेल, साखर, ब्लँकेटं गोळा करायचं काम युवकांकडे येतं, यंदा यादी माझ्याकडे आहे. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, देव माणूस झाला असं तुम्ही मानता ते ठीक, पण त्याचा या पिशव्यांशी काय संबंध, दान तर आम्ही दिवाळीलाही करतो. मी म्हटलं येशू गरिबाघरी जन्मला म्हणून. पण तेवढंच आहे का? नीट समजून घ्यायचंय, जाणकारांनी लिहा प्लीज.

नगरकर:
मोगराताई, बायबलच्या नव्या करारातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8 वा अध्याय काढा. तिथे प्रेषित पौल, म्हणजे सुरुवातीच्या चर्चचा प्रचारक, चक्क वर्गणी मागतोय, यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. आणि ती मागताना पुण्य मिळेल वगैरे काही म्हणत नाही, हुकूमही करत नाही. म्हणतो, ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला. बस. म्हणजे देहधारणाचा एवढा मोठा विषय, आणि तो येतो कुठे तर पैसे गोळा करायच्या पत्रात! हे पत्र साधारण इ.स. 55-56 चं, 25 डिसेंबरच्या सणाचा पक्का उल्लेख रोममधे थेट चौथ्या शतकात सापडतो, म्हणजे सण नव्हता तेव्हाही हा संबंध होताच. पुढे 13-14 ओवीत तर तो म्हणतो की दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझं असं मला नकोय, समानता हवी, आज तुमच्याकडे जास्त आहे उद्या त्यांच्याकडे असेल. वरून खाली टाकणं वेगळं आणि हे वेगळं. मला तर हा अध्याय दर नाताळात वाचला जावा असं मनापासून वाटतं.

साधा_माणूस:
नगरकर +1. पण मग आपण करतो ते याच्या बरोब्बर उलट नाही का? एका ठिकाणी (नाव नको) वाटपाला गेलो होतो, बायांना एकेक करून स्टेजवर बोलावलं, मागे बॅनर, पुढे फोटोवाला, एका बाईने पिशवी घेताना पदर तोंडावर ओढला तर तिला सांगतात ताई जरा इकडे बघा. मला तिथे उभं राहवेना. देव स्वतः आपल्यात येऊन राहिला, त्याने आपल्याला रांगेत उभं केलं नाही, आणि त्याच्याच वाढदिवसाला आपण हे करायचं?

तेरेजा_आजी:
बाळांनो, असिसीच्या संत फ्रान्सिसबद्दल पण लिहा ना कुणीतरी. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने गवत, बैल, गाढव आणून गव्हाणी उभी केली, ती का, तर बाळाचे किती हाल झाले ते आपल्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून. आणि त्याची इच्छा काय, तर नाताळला श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावं आणि बैल-गाढवांनाही जास्तीचा चारा द्यावा, पाखरांसाठी रस्त्यावर धान्य टाकावं. आपण गव्हाणी घेतली, लायटिंग लावलं, बाकीचं विसरलो.
आणि मोगरा, यादी करशील तर घरी जाऊन कर गं. आमच्या आळीत एकाकडे तीन वर्षं ब्लँकेट जातंय, त्याला हवेत अंथरुणातल्या बापासाठी डायपर, कुणी विचारलंच नाही.

मोगरा_वसई:
आजी, नगरकर, खूप खूप आभार. काकूंना 8 वा अध्याय वाचून दाखवला, त्या म्हणाल्या समानतेचं आवडलं, आणि आता यादीसाठी त्याच माझ्याबरोबर फिरणार आहेत, त्यांना आळीतली सगळी घरं माहितीयेत. हॉलमधलं वाटप बंद करा असं फादरांना सांगणार आहे. 26 डिसेंबरला संत स्तेफनचा सण, विधवांच्या रोजच्या जेवणाची व्यवस्था बघायला प्रेषितांनी (येशूच्या मुख्य शिष्यांनी) नेमलेल्या सात जणांपैकी तो एक, तर त्या दिवशी घरोघर जाऊन जेवायलाच बसायचं असं आमच्या ग्रुपचं चाललंय. डबे आम्ही नेणार, पण आजी, त्यांनी काही वाढलं तर तेही खायचं ना?

तेरेजा_आजी:
खायचंच. आधी ते.