दोन गिनी पिग घरी आलेत, आता काय काय बघायचं?

बी-३०२: नमस्कार. काल मुलीसाठी दोन गिनी पिग आणलेत, साधारण दोन महिन्यांचे. दुकानदाराने तारेचा पिंजरा, लाकडाचा भुसा आणि रंगीत दाण्यांचं पाकीट दिलंय. कालपासून दोघं कोपऱ्यातून हललेले नाहीत. कोणाला माहिती असेल तर सांगा, प्लीज.

ए-७०४ (व्हेट): ताई, पहिले दोन-तीन दिवस असंच असतं. शिकार होणारा प्राणी आहे, नव्या जागेत आधी लपतो. पुठ्ठ्याचे दोन खोके उपडे ठेवा, प्रत्येकाला दोन दारं कापा. एकच दार असेल तर एक जण दुसऱ्याला आत कोंडून धरतो. मुलीला दोन दिवस उचलू देऊ नका. पण खातायत का आणि लेंड्या पडतायत का, हे मात्र आजच बघा.

सी-१०१: ते रंगीत पाकीट बाजूला ठेवा. त्यातलं गोड आणि तेलकट तेवढं निवडून खातात, बाकीचं तसंच राहतं. सूर्यफुलाची टरफलं तोंडात अडकतात ती वेगळीच.

बी-३०२: मग मुख्य खाणं काय, काका?

सी-१०१: सुकं गवत. २४ तास पुढ्यात हवं, संपू द्यायचं नाही. यांचे पुढचे दातच नव्हे, दाढासुद्धा जन्मभर वाढतात आणि त्या झिजतात फक्त गवताचे लांब धागे चघळून. गवत कमी पडलं की खालच्या दाढा आत वाकून जिभेवर कमान धरतात. मग प्राणी खाण्यापाशी जातो, वास घेतो आणि मागे फिरतो. लोकांना वाटतं नखरे करतोय. टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, वाळवलेलं ओटचं गवतही चालतं. घेताना हिरवट आणि सुवासिक बघा. पिवळं, धुळीचं किंवा कुबट नको.

बी-२०४: आमच्या ओळखीच्या गोठ्यावर लसूणघास स्वस्त मिळतो. तो चालेल का?

ए-७०४ (व्हेट): सहा महिन्यांपर्यंत थोडा चालेल, वाढीला मदतच होते. गाभण मादीलाही चालतो. पण मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूत्राशयात खडे होतात, आणि ते बहुतेक वेळा ऑपरेशन करूनच काढावे लागतात. हरळी बिनधास्त द्या. फक्त औषध फवारलेल्या लॉनची किंवा कुत्री फिरतात तिथली नको. आणि गोठ्यावरून कोवळी हिरवी ज्वारी आणू नका. तिच्यात सायनाइड तयार होतं, गुरंसुद्धा दगावतात.

बी-३०२: आणि भाज्या?

ए-७०४ (व्हेट): भाजीचं कारण आधी समजून घ्या. गिनी पिगच्या शरीरात माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे लागला, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. म्हणजे नुसत्या दाण्यावर काय होतं हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. सांधे सुजतात, चालायला नको वाटतं, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात.

निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे रोज प्रत्येकी ३० ग्रॅम, मध्यम मिरचीची दोन-तीन फाकं, कच्ची. बिया आणि देठ काढून.

बी-२०४: पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घातले तर?

ए-७०४ (व्हेट): नको. पाण्यात आणि उजेडात ते टिकत नाही, नेमकं किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि चव बदलली की ते पाणीच कमी पितात. थेंब द्यायचेच असतील तर सुईशिवायच्या सिरिंजने थेट तोंडात.

सी-१०१: मिरचीबरोबर कोथिंबीर, काकडी, लेट्यूस आलटून पालटून. सगळं मिळून प्रत्येकी दिवसाला एक कप. गाजर आणि सफरचंद आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढं. पालक रोज नको. कोबी, फ्लॉवरने पोट फुगतं. टोमॅटो चालतो, त्याचा पाला आणि देठ नाही. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही. पोळी, भात, दूध, बिस्किट कौतुकानेसुद्धा देऊ नका. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, हे तिथूनच होतं. नवी भाजी एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे लेंडी पातळ झाली तर कशाने ते कळेल.

ए-७०४ (व्हेट): पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, घ्याल त्या गिनी पिगच्याच घ्या. सशाच्या पेलेटमध्ये क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. मोठ्याला रोज एक-दीड टेबलस्पून पुरतात. पाकीट लहान घ्या, दोन-तीन महिन्यांत जीवनसत्त्व उतरतं.

बी-३०२: पिंजरा दोन फूट बाय सव्वा फूट आहे. खाली जाळी आहे.

सी-१०१: तो परत करता आला तर करा. जाळीवर चालून तळपाय सोलतात, मग जखम हाडापर्यंत जाते, बरी व्हायला महिने लागतात. दोघांना किमान साडेसात चौरस फूट सपाट जागा हवी. चार फूट बाय अडीच फूट केलंत तर फारच छान. जोडायच्या जाळ्यांचे तुकडे मिळतात. त्यांची भिंत करायची आणि तळाला कोरुगेटेड प्लास्टिकचा शीट दुमडून ट्रे. मजले नकोत, हे चढणारे प्राणी नाहीत. चाकही नको, पाठीचा कणा दुखावतो. आपल्याकडे मांजरं आणि घुशी आहेत, म्हणून वरून झाकण हवंच. बाल्कनीत ठेवू नका.

भुसा सुताराचा असेल तर तोही नको. धूळ आणि चीडच्या लाकडाचा उग्र वास, दोन्हींनी छाती बिघडते. खाली जुने टॉवेल आणि वर फ्लीसचं कापड घाला. फ्लीस आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवा, सॉफ्टनर न घालता. नाहीतर लघवी वरच साचते, खाली मुरत नाही. लेंड्या रोज झाडायच्या, कापड तीन-चार दिवसांनी बदलायचं.

डी-५०५ (सेक्रेटरी): कमिटीकडून दोन गोष्टी. वासाची तक्रार येऊ नये, आणि ती घाण डक्टमध्ये किंवा टॉयलेटमध्ये टाकू नये.

सी-१०१: लेंड्या, गवत आणि कागद आपल्या कंपोस्टच्या पिपात चालतील. गवत खाणाऱ्या प्राण्याची लेंडी आहे, मांजराच्या विष्ठेसारखी नाही. ओल्या कचऱ्यात कोरडा माल कमीच पडतो, त्यात भरच पडेल.

डी-५०५ (सेक्रेटरी): मग हरकत नाही. रविवारी पेस्ट कंट्रोल आहे, ताई.

ए-७०४ (व्हेट): त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी हलवा, आणि परत आणण्याआधी फरशी दोनदा पुसा. डांबराच्या गोळ्याही त्या खोलीत नकोत.

ताई, दोघं नर की माद्या?

बी-३०२: दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या.

ए-७०४ (व्हेट): दुकानात फार चुकतं. येऊन दाखवा. मादीत इंग्रजी वायसारखी फट दिसते, नरात ठिपक्यासारखा उंचवटा, आणि वर हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. नर तीन आठवड्यांचा झाला की प्रजनन करू शकतो. आणि दोन्ही माद्या असल्या तरी दुकानात नरांबरोबर असतील तर गाभण असू शकतात. गाभणपणाचे दिवस ५९ ते ७२. वजन झपाट्याने वाढून पोट दोन्ही बाजूंना फुगलं तर माझ्याकडे या. जोडी आणलीत हे मात्र चांगलं केलंत. एकटा गिनी पिग झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

बी-२०४: आमचा ससा त्यांच्याबरोबर खेळवला तर चालेल का?

ए-७०४ (व्हेट): नको. सशाला काही न होता त्याच्या नाकात बोर्डेटेला जिवाणू असतो. गिनी पिगला त्याने न्यूमोनिया होतो.

बी-३०२: उन्हाळ्यात काय करायचं?

सी-१०१: १८ ते २४ अंश त्यांना मानवतं. २७ च्या वर गेलं की सावध. घाम येत नाही यांना. खोली पश्चिमेची नको. फरशीचा तुकडा ओला करून पुसून ठेवा, गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात. कूलरचा थेट झोत नको.

ए-७०४ (व्हेट): आडवा पडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर कान आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा आणि निघा. बर्फ लावू नका. पावसाळ्यात गवत बंद डब्यात नको, बुरशी धरते. कापडी पिशवीत, जमिनीपासून वर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे आजार लपवतात. बाहेरून ठीक दिसतात तोवर पुष्कळ बिघडलेलं असतं. १२ तास काही खाल्लं नाही तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका, आतडी थांबतात. आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिक कधीच नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन तोंडावाटे दिलं तर पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. मुलांच्या सिरपचा एक थेंबसुद्धा नाही.

बी-३०२: मग लवकर कसं ओळखायचं?

सी-१०१: स्वयंपाकघरातला वजनकाटा. वर भांडं, त्यात कापड, भांड्याचं वजन शून्य करायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि आपण जमिनीवर बसलेलं. आठवड्यातून एकदा, सकाळी, भाजीच्या आधी. या वयात दर आठवड्याला वाढायला हवं. मोठेपणी ५० ग्रॅम उतरलं तर रोज मोजा, १०० उतरलं तर डॉक्टर.

बी-३०२: आत्ताच केलं. ४४० आणि ४१५. आणि ४१५ वाली मिरची खातेय!

ए-७०४ (व्हेट): छान. तारीख घालून वहीत लिहा. संध्याकाळी सातनंतर दोघींना खोक्यातून घेऊन या, नखं आणि दातही बघते.