नवरा-बायकोतला अबोला आणि निरोप सांगणारी मुलगी

प्रश्न : शेतकरी, अमरावती जिल्हा
कापसाचा चुकारा आल्यावर पत्नीला न विचारता मी त्यातले पैसे भावाला दिले, आणि तेव्हापासून सव्वा महिना आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. भांडण होत नाही. सगळे निरोप आठ वर्षांच्या मुलीमार्फत जातात. परवा पत्नीचे शब्द मला छपरीत स्पष्ट ऐकू आले : "भूक असंन त मुकाट्यानं जेवाले या म्हणा." मुलगी येऊन मला म्हणाली, "बाबा, आई म्हणते, भाकर गरम हाय, लवकर या." मी चरकलो. हल्ली मुलगी तिच्या धाकट्या भावावर विनाकारण हातही उगारते. या दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा
असण्याची शक्यता मोठी आहे. दोघांतला ताण सोसवेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते. मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी यालाच त्रिकोण म्हटले. १९९५ मध्ये ६८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पती-पत्नीचे नाते जिथे चांगले, तिथे मुलांशी असलेले नातेही चांगले आढळले. नवऱ्याशी पटत नसले की आई मुलांना अधिक जीव लावते, हा आपला लाडका समज मात्र त्यात टिकला नाही.

उत्तर : गृहिणी, वाशीम जिल्हा
थेट न बोलणे प्रत्येक वेळी वाईटच असते असे नाही. माझ्या सासूबाई चारचौघांत सासऱ्यांशी बोलत नसत. पण निंदणाच्या दिवसांत त्या शेतातून परतण्याआधी सासरे चुलीवर पाणी तापत ठेवत, आणि ते आम्ही सगळे पाहत होतो. तुमच्या मुलीला असे काही दिसते का? शिवाय पैशांची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत. वेचणीला कोण होते?

उत्तर : अंगणवाडी सेविका
वाद मिटल्याचे मुलांना दिसले तर त्यांची अस्वस्थता कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या संशोधनात आढळले आहे. दाराआड मिटवलात, तर निदान तसे मुलीला सांगा.

प्रश्नकर्ता
वेचणीला तीच होती, रोज सकाळपासून कापसाची ओटी कमरेला बांधून. आज मुलगी निरोप घेऊन आली तेव्हा तिला छपरीत बसवून मी स्वतः चुलीपाशी गेलो आणि भावाला नेमके किती दिले ते सांगितले. पत्नीने भाकर उलटली. "हे तवाच सांगाले काय झालं होतं?" एवढेच ती बोलली. मुलगी केव्हाच उठून दारामागे येऊन उभी राहिली होती.