प्रति: घरून तातडीचा फोन आला तर?

'फोन सायलेंट ठेवला आणि नेमका घरून तातडीचा फोन आला तर?' कामावर फोन सायलेंट ठेवा म्हटलं की येणारी ही शंका खरी आहे. मीही याच भीतीने कित्येक वर्षं रिंग चालू ठेवायचो. पण त्यासाठी सगळा फोन उघडा ठेवायची गरज नाही. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये एक सोय असते: त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला की तो वाजतो. आयफोनमध्ये हीच मुदत तीन मिनिटांची. सेटिंगमध्ये 'रिपीट कॉलर्स' चालू आहे का एवढं बघून घ्या.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन) असतो. दोन वर्षांमागं ऑफसेट (टूलच्या जागेचं माप) टाकताना गावच्या ग्रुपवरचा मेसेज वाचायला मान वळवली, दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि टूल थेट जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात घुसलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलं, जॉब भंगारात, वर मालकाचं ऐकून घेतलं ते वेगळंच. त्या रविवारी खानापूरकडं गावी जाऊन आईला सांगितलं, पहिला नाही उचलला तर लगेच परत लाव. "दोन डाव लावायचं व्हय? मग पहिला कशाला लावू?" म्हणाली. तसंही पावसाळ्यात तिकडं रेंज अशी, की पहिला कॉल मधेच तुटतोच. आता फोन डब्याच्या पिशवीत असतो. कर्जवाले तेवढे सलग दोनदा फोन करतात, त्यांचे नंबर ब्लॉक करत बसावं लागतं.