समाजकार्य आणि शिक्षणशास्त्र : दोन पदव्युत्तर पदव्या एकत्र घ्याव्यात का?

प्रश्न : मला शाळांमधील समाजकार्यात उतरायचे आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) आणि एम.एड. (शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) यांचा संयुक्त अभ्यासक्रम निवडावा, की एकीनंतर दुसरी पदवी घ्यावी?

उत्तर १ : संयुक्त अभ्यासक्रमात काही श्रेयांक दोन्ही पदव्यांसाठी धरले जातात, त्यामुळे वेळ आणि शुल्क वाचते, मात्र खरी दमछाक होते ती क्षेत्रकार्यात, म्हणजे शाळा किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करून घ्यायच्या प्रशिक्षणात. अमेरिकेत मान्यताप्राप्त एम.एस.डब्ल्यू.साठी किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. शाळेत केलेले तास दोन्ही विभाग ग्राह्य धरतात का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

उत्तर २ : दोन्ही दृष्टी एकत्र असण्याचा उपयोग प्रत्यक्ष कामात दिसतो. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीचा हजेरीपट शिक्षकासमोर असतो, पण धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिला घरी थांबवले जाते, हे गृहभेटीतच कळते. तरीही एम.एड. म्हणजे अध्यापनाचा परवाना नव्हे, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

उत्तर ३ : केवळ मुलांचे समुपदेशन करायचे असेल, तर माझ्या मते एम.एस.डब्ल्यू. पुरेशी आहे. शालेय धोरण किंवा अभ्यासक्रम-आखणीकडे ओढा असेल, तरच दुसऱ्या पदवीचा खटाटोप करावा.