पूर्ण न पाहिलेल्या मालिकेवर बंदी मागावी का?

पिंपळपान

हल्ली एक क्रम ठरून गेल्यासारखा झाला आहे. मालिकेचा ट्रेलर येतो. त्यातला काही सेकंदांचा प्रसंग कापून मोबाइलवर फिरतो. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी होतात, गुन्हा नोंदवण्याची मागणी होते, आणि मालिका धड सुरू व्हायच्या आत निर्माता माफी मागून प्रसंग कापून टाकतो. त्या प्रसंगाच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, ते पात्र पुढे कुठे पोचतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून १९८८ ची आठवण करून द्यावीशी वाटते. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली 'तमस' दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा देशभर वाद पेटला होता. फाळणीच्या तोंडावरचा पंजाब, नत्थू नावाच्या गरीब माणसाला पैसे देऊन मारायला लावलेलं डुक्कर, ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडणं आणि मग दंगल, असं कथानक. मालिकेमुळे दोन समाजांत तेढ वाढेल, प्रसारण थांबवा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली आणि सुरुवातीला स्थगिती मिळालीही. पण पुढे खंडपीठापुढे प्रकरण गेलं तेव्हा न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली: आख्खी मालिका बसून पाहिली. पाहून झाल्यावर स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

त्या निकालात जी कसोटी वापरली ती नागपूरच्या न्या. विव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये घालून दिलेली होती. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, कणखर, धीराच्या माणसाच्या नजरेतून. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या नजरेतून नव्हे.

माझं म्हणणं इतकंच आहे. मालिका पूर्ण पाहिल्याशिवाय तिच्यावर बंदी मागू नये, आणि प्रसारणाआधीची बंदी ही अगदी अपवादातली गोष्ट असावी. तुम्हाला काय वाटतं?

सांजवात

मला हे पटत नाही. कळकळीने लिहिते आहे, राग मानू नका.

'पूर्ण पाहा आणि मग बोला' ही अट ऐकायला न्याय्य वाटते, पण तिचा सगळा भार दुखावलेल्यावर पडतो. ज्या दृश्याने मला त्रास होतो, ते आणि त्याच्या आजूबाजूचे आठ तास मी आधी सोसायचे, तरच मला तक्रारीचा हक्क? न्यायाधीशांचं ते कामच आहे, त्यांनी पाहावं. सामान्य भाविकाला ही अट कशासाठी? शिवाय संदर्भाने सगळंच धुऊन निघतं असं नाही. माझ्या आईबद्दल कुणी घाणेरडं बोललं, तर आधीची आणि नंतरची वाक्यं ऐकून घेतल्याने ते वाक्य स्वच्छ होत नाही.

दुसरं म्हणजे ती 'कणखर माणसाची' कसोटी. श्रद्धा असलेला माणूस दुखावला की तो लगेच कमकुवत मनाचा ठरतो का? वारीत शेकडो मैल चालणारी माणसं मनाने दुबळी असतात असं कुणी म्हणेल का? ती कणखरच असतात. त्यांनाही लागतं.

रानवारा

सांजवात, तुमची वेदना मी खोटी मानत नाही. पण आपली परंपरा काय सांगते? जनाबाईने विठ्ठलाला चक्क शिव्या घातल्या आहेत. एकनाथांच्या भारुडांत सोंगाढोंगावर केवढी टीका आहे. तुकोबांनी तर कुणाचीच भीड ठेवली नाही. देवाला आणि धर्माला बोल लावणं आपल्याला नवीन नाही. मग पडद्यावरच्या एका पात्राने लावला तर एवढं काय बिघडतं?

सांजवात

जनाबाई विठ्ठलाशी भांडली ती त्याच्या दारात उभी राहून. तो तिचा होता, ती त्याची होती. दळताकांडताना जो देव तिच्या सोबतीला आहे असं ती मानत होती, त्याच्यावर रागावायचा हक्क तिने आयुष्य देऊन मिळवला होता. जाहिरातींच्या मधल्या वेळात चार हशे मिळवायला देवाला वापरणाऱ्याने जनाबाईच्या मागे लपू नये.

तुकोबांचंही तेच. त्यांनी ढोंगावर घाव घातले, आणि विठ्ठलाला बोल लावले तेही त्याचाच भक्त म्हणून. ढोंगी बुवा दाखवणारी मालिका आली तर मीच पहिली बघेन.

कायद्याचा विद्यार्थी

थोडी कायद्याची बाजू मांडतो, कारण 'भावना दुखावल्या' एवढ्यावरच गुन्हा होतो अशी समजूत सगळीकडे दिसते.

जुन्या दंडसंहितेतलं २९५अ हे कलम १९२७ मध्ये आलं. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कलमाचे शब्द आहेत जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं ते याच आधारावर की अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान त्यात येत नाही. म्हणजे कुणीतरी दुखावलं जाणं पुरेसं नाही, हेतू सिद्ध व्हायला हवा.

हेतू तपासला जातो तो मात्र फार नंतर, खटल्यात. तोपर्यंत वेगवेगळ्या राज्यांत तक्रारी होतात, प्रत्येक ठिकाणी वकील लावावा लागतो, अटकेची टांगती तलवार राहते. जानेवारी २०२१ मध्ये 'तांडव' या वेब मालिकेच्या बाबतीत निर्मात्यांनी माफी मागितली, आक्षेप घेतलेले प्रसंग काढले, तरी तक्रारी मिटल्या नाहीत, आणि २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला. निर्दोष सुटण्याची खात्री असलेला माणूससुद्धा एवढं बघून पुढच्या वेळी तो विषयच टाळेल.

सांजवात यांच्या बाजूनेही एक निकाल आहे, तो सांगायलाच हवा. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाला आव्हान दिलं होतं. सरन्यायाधीश हिदायतुल्लांच्या पीठाने पूर्वपरीक्षण योग्य ठरवलं. हलतं चित्र आणि आवाज एकत्र आल्यावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा वेगळा असतो, हे त्यामागचं कारण. 'पुस्तक चालतं मग मालिका का नाही' या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने तेव्हाच देऊन ठेवलं आहे.

कोरा कागद

पिंपळपान यांना एक थेट प्रश्न. २०२० मध्ये सुदर्शन टीव्हीने एक कार्यक्रम सुरू केला. मुस्लिम तरुणांचं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून नोकरशाहीत येणं हे कारस्थान आहे, असं त्यात मांडलं होतं. काही भाग दाखवून झाले आणि १५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या भागांचं प्रसारण थांबवलं. तेव्हा अनेक पुरोगामी मंडळींनी स्वागत केलं.

मग 'आधी पूर्ण पाहा' हे तत्त्व तिथे कुठे गेलं? की आपल्याला न आवडणाऱ्या कार्यक्रमाला तत्त्व लागू नसतं?

पिंपळपान

प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही.

ती स्थगिती मला योग्य वाटते. आणि त्याचं कारण मला तो कार्यक्रम आवडला नाही, हे नाही. त्या कार्यक्रमाचा रोख एखाद्या श्रद्धेवर नव्हता. रोख माणसांवर होता: परीक्षा देणाऱ्या, अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं घालवणाऱ्या पोरांवर, त्यांच्या जन्माच्या धर्मामुळे. अमुक धर्माची मुलं अधिकारी झाली की देशाला धोका, असं सांगितल्यावर उद्या त्या मुलाला खोली नाकारली जाते, मुलाखतीत त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. ज्याचं नुकसान होतं त्याला नाव आहे, पत्ता आहे, पोटपाणी आहे.

देवाच्या प्रतिमेची थट्टा केली तर भाविकाला दुःख होतं, ते खरं आहे. पण त्या भाविकाचा मतदानाचा हक्क, घर, नोकरी, रस्त्यावरून निर्धास्त चालणं यांतलं काही हिरावलं जात नाही. मी रेघ इथे ओढतो. श्रद्धेवर बोला, कठोर बोला, चुकीचंही बोला. श्रद्धा बाळगणाऱ्या माणसांना समाजातून हाकलण्यासाठी मात्र पडदा वापरू देऊ नका. आणि तिथेसुद्धा न्यायालयाने काही भाग समोर आल्यावर, दोन्ही बाजू ऐकून थांबवलं. ट्रेलरवरून जमावाने थांबवलं असतं तर मी त्याच्याही विरोधात उभा राहिलो असतो.

पडद्यावर काही दाखवलं तर दगडफेक होईल, म्हणून दाखवू नका, असं सांगितलं जातं. १९८९ च्या रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं आहे. विरोधकांच्या धमक्या आवरणं हे सरकारचं कर्तव्य आहे, ते जमत नाही म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही. दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका धोका जवळचा आणि थेट असेल तरच अडवा. दगड मारणाऱ्याला दगडाच्या बदल्यात बंदी मिळत गेली, तर तो आणखी दगड गोळा करेल.

सांजवात

दगड मारणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, कधीच घेणार नाही. तिथे आपलं एकमत आहे.

पण तुमची रेघ मला पुसट वाटते. श्रद्धा आणि माणूस इतके वेगळे काढता येतात का? एखाद्या छोट्या समाजाचं उदाहरण घ्या, ज्याच्याबद्दल इतरांना फारसं काही माहीत नसतं. त्यांच्या देवतेची, त्यांच्या पूजेची पडद्यावर सतत टवाळी झाली, तर लोकांना त्या समाजाची ओळखच त्या टवाळीतून होते. शाळेत त्या घरातल्या मुलीला त्याच नावाने चिडवतात. सुरुवात देवापासून झाली आणि पोचली मुलीपर्यंत. मोठ्या समाजाला थट्टा पचवता येते, कारण त्याची दुसरी शंभर रूपं रोज दिसत असतात. लहान समाजाचं तसं नाही. 'सगळ्यांना सारखा नियम' म्हणताना हा फरक सुटतो.

दीपमाळ

मी मालिकांच्या लेखनात बरीच वर्षं आहे. पडद्याच्या या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

बंदी ही फार शेवटची पायरी असते. त्याच्या कितीतरी आधी वाहिनीचा 'एस अँड पी' (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस) विभाग, म्हणजे काय दाखवावं आणि काय नको हे तपासणारी माणसं, संहिता वाचतो. पात्राचं आडनाव बदला, भिंतीवरचा फोटो काढा, देवळाच्या पायरीवर भांडण नको, हिरवा रंग नको, भगवा नको. मग वकील वाचतात. हे सगळं होऊन जे उरतं ते तुम्ही बघता. एका वाहिनीसाठी विधवेच्या प्रश्नावरचा भाग आम्ही लिहिला होता. त्यात रूढीबद्दल तिच्या तोंडी एकच प्रश्न होता, तोही काढायला लावला. तक्रार आली नव्हती, येईल अशी भीती होती.

आणि परवानगी घेतली म्हणजे सुटका, असंही नाही. 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेऊन डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांत लागला होता. नेटफ्लिक्सवर आल्यावर तक्रारी झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये तो तिथून काढला गेला. प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी मंडळाचा शब्द जिथे टिकत नाही, तिथे लेखकाने कुणाच्या भरवशावर लिहायचं?

सांजवात, तुम्ही म्हणता तो लहान समाजाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पण या भीतीत सगळ्यात आधी कापलं जातं ते त्याच समाजातल्या लेखकाचं लिखाण. सवंग विनोद करणारा मोठा निर्माता माफी मागून पुढच्या मालिकेला लागतो. स्वतःच्या घरातली, स्वतःच्या जातीतली, स्वतःच्या धर्मातली दुखणी सांगू पाहणाऱ्या नव्या मुलीला 'विषय नाजूक आहे' म्हणून परत पाठवतात.

रानवारा

बीबीसीने जानेवारी २००५ मध्ये 'जेरी स्प्रिंगर: द ऑपेरा' हा येशूचंही विडंबन असलेला संगीत-नाटकाचा प्रयोग दाखवला तेव्हा प्रसारणाआधीच हजारो ख्रिस्ती प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या होत्या. तरी रात्री उशिरा, आधी स्पष्ट सूचना देऊन तो दाखवला. मे महिन्यात तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने तक्रारी तपासून नियमभंग नसल्याचा निर्णय दिला. पुढे २००८ मध्ये इंग्लंडने ईशनिंदेचा जुना गुन्हाच रद्द केला. वेळ, सूचना, नंतर तपासणी, हा रस्ता आपल्याकडे का चालू नये?

कायद्याचा विद्यार्थी

कागदावर बराचसा आहे. ऑनलाइन मालिकांसाठी २०२१ च्या नियमांत वयोगटानुसार वर्गवारी आणि तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आहे. पण ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या व्यवस्थेच्या तरतुदीला अंतरिम स्थगिती दिली. सरकारची देखरेख शेवटच्या पायरीला बसली की अभिव्यक्तीवर दडपण येतं, हा आक्षेप तिथे होता. ऑफकॉमसारखी सरकारपासून वेगळी यंत्रणा नसेल तर रानवारा म्हणतात तो रस्ता अर्धाच राहतो.

सांजवात

दीपमाळ, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. त्या विधवेचा प्रश्न कापायला नको होता. तो प्रश्न विचारणारी मालिका मला हवी आहे.

म्हणून प्रसारणाआधीच्या बंदीचा आग्रह मी सोडते. पण एक मागणी सोडत नाही. ज्या समाजाच्या श्रद्धेवर मालिकेत बोट ठेवलं आहे, त्या समाजातल्या जाणत्या माणसाला त्याच वाहिनीवर, त्याच वेळेला, न कापता उत्तर देऊ द्या. तुम्ही लाखो घरांत बोलणार आणि मी एका अर्जावर तक्रार लिहिणार, हे बरोबरीचं बोलणं नाही.

पिंपळपान

उत्तराची वेळ मान्य. फक्त 'जाणता' कोण हे वाहिनीने ठरवू नये आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या संघटनेनेही ठरवू नये. त्याच समाजात मालिकेच्या बाजूची माणसंही असतात. त्यांना वगळून दिलेलं उत्तर अपुरं राहील. ती निवड कुणी आणि कशी करायची, यावर दीपमाळ आणि सांजवात दोघींनी लिहावं असं वाटतं.