भरदिवसा सागावर बसलेला पिंगळा: मेळघाटातला रानपिंगळा असू शकेल का?

मोहफूल (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन मेळघाटात जाऊन आले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सेमाडोहलाच दोन मुक्काम केले, फार हिंडलो नाही. परतवाडा सोडून घाट चढायला लागलो तर सागाच्या अंगावर पान नाही, सगळा डोंगर खाकी. मधूनच एखादं झाड लालभडक. मी म्हटलं पळस. बाबा म्हणाले, नीट बघ, ती फुलं नाहीत, पानं आहेत. कुसुमाची कोवळी पालवी! इतकी वर्षं मी त्या झाडाखालून नुसती गेले होते.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला (ठिकाण नंतर काढलं आहे) गाडी कडेला घेऊन आतच बसलो होतो. समोरच्या सागाच्या उघड्या फांदीवर, चांगल्या उन्हात, एक छोटं घुबड. मुठीपेक्षा थोडं मोठं. शेपटी सारखी डावी-उजवीकडे झटकत होतं. मग सरळ खाली झेपावलं, सरडा उचलला आणि परत त्याच फांदीवर. आम्ही दोघं दहा मिनिटं बोललो नाही. माझ्याकडे फोनवरचा एकच फोटो आहे, तोही पाठमोरा. रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबड, असेल का? की मी उगाच हुरळून जाते आहे?

वर्धारोड
ताई, साधा पिंगळाही दिवसा दिसतो बरं का. आमच्या घरामागच्या कडुलिंबावर जोडी आहे, दुपारी बाराला ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसून राहते. त्यामुळे दिवसा दिसला एवढ्यावरून काही ठरत नाही.

जुनीदुर्बीण (अमरावती)
वर्धारोड म्हणतात ते बरोबर आहे, पण सरडा आणि शेपटी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. रानपिंगळा दिवसाच शिकार करतो आणि बसल्या जागी शेपटी अशीच आडवी झटकतो.

मेळघाटात तीन पिंगळ्यांत गोंधळ होतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके अगदी स्पष्ट असतात, रांगोळीचे ठिपके टाकल्यासारखे. जंगली पिंगळ्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा. रानपिंगळ्याचं डोकं मात्र जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट पांढरंशुभ्र, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तुमचा फोटो पाठमोरा आहे ना? मग डोकं आणि शेपटी एवढंच बघा, फोटो मोठा करून.

हा पक्षी इतका जपून का बघायचा, तेही सांगतो. १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीने सापडला नव्हता. मध्ये १९१४ सालचा एक जतन केलेला नमुना दाखवला जायचा, तो जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. लोकांनी पक्षी संपला असंच धरलं होतं. १९९७च्या नोव्हेंबरात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्यात दिसला, तोही सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर. त्याआधीची शोधाशोध त्या खोट्या चिठ्ठीवरच्या ठिकाणामुळे भरकटली होती! पुढे तो मेळघाटातही सापडला. विरळ, कोरडं सागाचं जंगल हेच त्याचं घर, म्हणजे आपण ज्याला उन्हाळ्यात ‘काही नाही तिथे’ म्हणतो ते.

वडिलांनाही विचारा, त्यांनी समोरून काय पाहिलं ते. कुसुमाची पालवी ओळखणारा माणूस पोटाचा रंग विसरायचा नाही.

मोहफूल
काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोट विचारायच्या आधीच म्हणाले, “अगं, त्याने तर पांढरा बनियन घातला होता.” सरडा घेऊन परत बसला तेव्हा तो त्यांच्या बाजूला तोंड करून होता, मी तेव्हा फोन काढत होते.

फोटो मोठा केला. शेपटीवर पांढरे पट्टे आहेत, रुंद, चार मोजता येतात. डोक्यावर मात्र ऊन इतकं पडलंय की ठिपके आहेत की नाहीत, सांगता येत नाही. कोरं दिसतंय, पण ते उन्हानेही असेल. मला ओढूनताणून म्हणायचं नाही.

जुनीदुर्बीण (अमरावती)
असंच लिहून ठेवा: शक्यता दाट, खात्री नाही. तारीख, वेळ, झाड, शेपटीची हालचाल, वडिलांचं बनियनही. सेमाडोहच्या वनरक्षकांना फोटो द्या, त्यांना त्या पट्ट्यातल्या ढोल्या माहीत असतात.

आणि एक विनंती, वरच्या पोस्टमधलं ठिकाण काढा. कॅमेरे घेऊन गाड्या लागतात, मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला बोलावतात. तो बिचारा शिकार सोडून आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून शोधत राहतो. घरट्यात पिल्लं असली तर ती तेवढा वेळ उपाशी.

मोहफूल
काढलं. किलोमीटरचा दगड लिहिला होता, तो फक्त वनरक्षकांना पाठवते.

बाबा विचारताहेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत गेलो तर चालेल का? मोह पडायला लागला असेल तेव्हा, असं म्हणतात. या वेळी दुर्बीण त्यांच्या गळ्यात देणार आहे.