घरात भाषा दोन, पडदा एक : रविवारी सर्वांनी मिळून पाहता येतील असे चित्रपट सुचवावेत

टिळकवाडीकर :

नमस्कार. आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. घरात माझी ८४ वर्षांची आई, पत्नी, मुलगा, सून, शाळेसाठी आमच्याकडे राहिलेला लेकीचा ९ वर्षांचा मुलगा आणि मी अशी सहा माणसे आहोत. सून धारवाडची असून लग्नाला दीड वर्ष झाले आहे. तिला मराठी आता बऱ्यापैकी समजते, परंतु वेगाने बोललेले निसटते, आणि आईचे कानडी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतेच आहे. रविवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून एक चित्रपट पाहावा असा नेम आम्ही दोन महिन्यांपूर्वी धरला, तो मोडकळीस आला आहे. मराठी चित्रपट लावला की सून शेवटी शेवटी भ्रमणध्वनीत डोके घालते, आणि कानडी लावला की आई जपमाळ घेऊन आत जाते. पडद्याखाली इंग्रजीत येणारी वाक्ये नातू मोठ्याने वाचून दाखवतो, पण ते क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखे होते आणि मूळ पात्र काय बोलले ते कोणालाच ऐकू येत नाही. हिंदी चित्रपट हा सोपा मार्ग आहे हे मला ठाऊक आहे. तथापि घरातल्या दोन भाषा सोडून तिसरीकडे जाणे मनाला पटत नाही. जाणकारांनी मराठी आणि कानडी असे दोन्ही चित्रपट सुचवावेत, आणि केवळ नाव न देता ते आमच्यासारख्या घरात का चालतील हेही लिहावे.

खानापूरकर :

आपला प्रश्न भाषेपेक्षा विनोदाचा आहे असे मला वाटते. दुःख अनुवादाशिवाय पोहोचते, शब्दावरचा विनोद मात्र पोहोचत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन रविवारी गाजलेले विनोदी चित्रपट टाळावेत. ज्या विनोदावर पाच जण हसतात आणि सहावा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो, तो विनोद त्या सहाव्याला फार एकटे पाडतो.

आरंभ ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) या परेश मोकाशी यांच्या चित्रपटाने करावा. पंढरपुरातल्या एका विधवेच्या घरी कर्ज थकले आहे, वडिलांनी बनवून दिलेली सायकल विकण्याची पाळी आली आहे, आणि ती वाचवण्यासाठी तिची मुले कार्तिकीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात, एवढीच गोष्ट. सायकल, बांगड्यांची गाडी, पैसे मोजणारे हात, हे सारे डोळ्यांना कळते. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालेला आहे; परंतु मी तो पुरस्कारासाठी सुचवत नसून पंढरपुरासाठी सुचवतो. आपल्या मातोश्रींना विठ्ठलाची ओळख करून द्यायला नको, आणि ज्ञानोबांनी ज्याला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ म्हटले तो देव आपल्या सूनबाईंनाही परका नाही.

दुसरा ‘किल्ला’. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी छायाचित्रणही स्वतःच केलेले असल्यामुळे की काय, यात संवादांहून पाऊस अधिक बोलतो. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला मुलगा नव्या शाळेत, नव्या मित्रांत कसा रुजतो हे त्यात दिसते. आम्ही जांबोटीच्या बाजूची माणसे असल्यामुळे तो पाऊस आम्हाला घरचाच वाटला. अमृता सुभाष यांनी साकारलेली आई पाहताना माझी पत्नी पूर्ण दोन तास एक शब्दही बोलली नाही, ही आमच्या घरातली नोंद घेण्याजोगी घटना आहे. सासरी नव्याने आलेल्या मुलीला ही गोष्ट जवळची वाटेल असा माझा अंदाज आहे, पण तसे तिला आधी सांगू नये.

गोकाकची सून, शहापूरची लेक :

वरील दोन्ही नावे उत्तम आहेत. तरीही एक गोष्ट राहून गेली आहे, ती लिहिते. मी आपल्या सूनबाईंच्या उलट बाजूला आहे. माहेर बेळगावात शहापूरला, सासर गोकाकचे आणि पूर्ण कानडी. पहिल्या वर्षी सासरची माणसे फार प्रेमाने मला प्रत्येक चित्रपट समजावून सांगत असत, आणि त्या प्रेमाचाच मला थकवा येत असे, कारण दर वेळी समजावले जाणारे माणूस मीच असे. एकदा सासऱ्यांनी ‘श्वास’ लावायला सांगितला आणि त्यातले आजोबा डॉक्टरांना काय विचारत आहेत हे मला विचारले. मी सांगू लागले. त्या दिवशी घरात माझी जागा बदलली असे मला आजही वाटते. तेव्हा आपल्या घरी एक रविवार मराठी आणि एक रविवार कानडी अशी पाळी लावावी, आणि कानडी रविवारी सांगण्याचे काम सूनबाईंकडेच द्यावे. मुलाला कानडी येत असले तरी त्याने मध्ये बोलू नये.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आपण पाहिलाच असेल. नातवाच्या डोळ्याला कर्करोग झाला आहे, प्राण वाचवायचे तर दृष्टी जाणार आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला जग दाखवायला घेऊन जातात. त्याच्या जोडीला गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘तबरन कथे’ ठेवावा. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कथेवरच्या या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि चारुहासन यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आयुष्यभर सरकारी चाकरी केलेला तबर निवृत्तिवेतनासाठी या मेजावरून त्या मेजाकडे फिरत राहतो, कारण त्याच्या बायकोच्या मधुमेहाने चिघळलेल्या पायावर उपचार करायला तेच पैसे हवे असतात. कचेरीतला कारकून मान वर न करता ज्या हाताने अर्ज बाजूला सारतो, तो हात समजायला कोणतीही भाषा लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी तो पाहून निवृत्तिवेतनाचे आपले पुस्तक कपाटातून काढून पुन्हा तपासले होते. शेवट जड आहे, एवढे मात्र मातोश्रींना आधी सांगून ठेवावे, आणि तो दिवस नातवाला खेळायला पाठवावे.

नातवासाठी सत्यप्रकाश यांचा ‘ओंदल्ला एरडल्ला’ (२०१८) आहे. नावाचा अर्थ एक नव्हे, दोन नव्हे. लहान समीर आपली हरवलेली गाय शोधत गावभर फिरतो आणि वाटेत त्याला तऱ्हेतऱ्हेची माणसे भेटतात. वाघाला दिलेला शब्द पाळणाऱ्या सत्यवचनी पुण्यकोटी गाईचे गाणे कानडी मुलांना पाठ असते. चित्रपटापूर्वी सूनबाईंनी ते नातवाला म्हणून दाखवले तर गोष्ट दुप्पट कळेल.

निपाणीकर (निवृत्त शिक्षक) :

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. मी थोडा लांबचा रस्ता सुचवतो, कारण आपल्या मातोश्री वाचत असतील तर तो त्यांच्या उपयोगी पडेल. एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’ या कादंबरीवर बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी मिळून कानडी चित्रपट केला आहे. तरुण विधवा कात्यायनी शिकू पाहते, पुन्हा लग्न करू पाहते, आणि तिचे सासरे श्रीनिवास श्रोत्री हे धर्माने जगणारे, कुणाचे वाईट न चिंतणारे गृहस्थ आहेत, त्यामुळे वाचकाला कोणाचीही बाजू सहजासहजी घेता येत नाही. ही कादंबरी उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आहे. उमाताई आपल्या बेळगावच्याच. पती विरूपाक्ष कानडी मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि त्या तो ऐकून मराठीत उतरवत, ही त्यांची कामाची पद्धत प्रसिद्ध आहे. मातोश्रींनी आधी पुस्तक वाचावे आणि मग चित्रपट पाहावा. मग पडद्यावर कोण कोण आहे हे त्याच सुनेला सांगतील. आजेसासू आणि नातसून दोघींना ज्यावर भांडता येईल असा विषयही घरात येईल, आणि तसे भांडण घरात असावे या मताचा मी आहे.

मराठीतून माझे एकच नाव, ‘गुळाचा गणपती’ (१९५३). पु. ल. देशपांडे यांनी लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका असे सारे काही त्यात केले. खानापूरकरांचा विनोदाविषयीचा नियम मला मान्य आहे; तरीही हा अपवाद करावा, कारण भोळ्या माणसाची फजिती पाहायला शब्द लागत नाहीत. शिवाय त्यातले ‘इंद्रायणी काठी’ भीमसेन जोशींनी गायले आहे. गदगकडच्या कानडी घरातला गायक, गदिमांचे मराठी शब्द, आणि बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवलेले पु. ल. ही संगत आपल्या घरासारखीच आहे.

सीमेवरचा प्रेक्षक :

‘सैराट’चे नाव अजून कोणीच कसे घेतले नाही? नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट कानडीत ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) या नावाने झाला, आणि नायिका त्यातही रिंकू राजगुरूच आहे. एका रविवारी मराठी आणि पुढच्या रविवारी कानडी पाहिला तर कोणालाच काही सांगावे लागणार नाही.

खानापूरकर :

कल्पना चांगली आहे, परंतु नऊ वर्षांच्या मुलासमोर त्याचा शेवट नको. त्याच कारणाने मी ‘फँड्री’ही मुद्दाम सुचवला नव्हता, तो नातू मोठा झाल्यावर, आणि त्या दिवशी घरात गप्पांना वेळ असेल तेव्हा पाहावा. ‘तिथि’ हा दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचा कानडी चित्रपटही तूर्त बाजूला ठेवावा. तिथली बोली धारवाडच्या माणसालाही कान देऊनच ऐकावी लागते, आणि त्यातल्या काही गप्पा आजीसमोर अवघड वाटतील.

टिळकवाडीकर :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी ‘एलिझाबेथ एकादशी’ झाला. सून शेवटपर्यंत बसली, आणि बांगड्यांचा भाव मुले कशी करतात हे तिने आईला दोनदा विचारले. आईने उत्तर भाजीवालीच्या कानडीत दिले.

कालचा रविवार कानडीचा होता. नातू घरात असल्यामुळे ‘ओंदल्ला एरडल्ला’च लावला. मुलाने तीन वेळा मध्ये तोंड घातले आणि तीनही वेळा त्याला पत्नीने गप्प केले. सुनेने पुण्यकोटीचे गाणे आधी म्हटले, त्यात वाघाजवळ परत जाण्यापूर्वी गाय वासराचा निरोप घेते तिथे आईने पदर डोळ्यांना लावला, आणि चित्रपटातली गाय मिळते की नाही हे आधीच सांग असा हट्ट धरला. सुनेने सांगितले नाही.

‘वंशवृक्ष’चे मराठी पुस्तक वाचनालयातून आणले आहे. आईची वाचण्याची गती दिवसाला वीस पाने आहे, तेव्हा त्या चित्रपटाला अजून महिनाभर लागेल. तोवर ‘तबरन कथे’ कोणत्या रविवारी लावावा हे मी ठरवलेले नाही, कारण माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाची एक थकबाकी अजून यायची आहे आणि मला तो एकट्यानेच आधी पाहायचा आहे.